विहिणीनं टाकलेला चहा

माझी लेक सिनेमाला संगीत देते. गाणी नाही, गाणी दुसरे करतात. हिरो पळतोय, दार करकरतंय, कुणाचा तरी जीव जायला लागलाय, तेव्हा पाठीमागनं जे वाजत असतं ते हिचं. गल्लीतल्या बाया मला विचारतात, "मावशी, मग पोरीचं गाणं कंचं?" मी सांगते, गाणं न्हाय गं, गाणी सोडून जे उरतं ते समदं तिचं. त्यांना पटत नाही. गाणं नाही तर मग केलं काय, असं तोंड करतात आणि शेंगा निवडायला लागतात.

यंदा तिला मोठा सिनेमा मिळाला. अंगात शक्ती येणाऱ्या माणसाचा. एसटीच्या वर्कशॉपमधला साधा मेकॅनिक असतो, त्याच्यावर वीज पडते, आणि मरायच्या ऐवजी गड्याच्या अंगात बळ येतं. मग तो पूल धरून ठेवतो, बस उचलतो, अंगाला घट्ट बसलेला निळा पोशाख घालून हवेतनं जातो. मी लेकीला विचारलं, "पोशाख शिवला कुणी त्याचा? एकटाच राहतोय म्हणतीस."

"आये, ते विचारायचं नसतं."

बरं, नाही विचारत. पण ह्या सिनेमाला लागणारं वाजप लई मोठं. परदेशात एका हॉलमध्ये माणसं दाटीनं बसलेली, निम्म्यांच्या खांद्याला व्हायोलिन, मागं पितळी वाजी, त्याच्यामागं नगाऱ्यासारखे ढोल. ही पुण्यात खुर्चीवर बसून संगणकात त्यांना बघणार आणि सांगणार, इथं हळू, इथं जोरात. तिनं मला त्याचा फोटो पाठवला होता. मी तो फोटो दुधवाल्यालासुद्धा दाखवला.

आता आमच्या घरची एक रीत सांगते. ती सांगितल्याबिगर पुढचं काही कळायचं नाही.

माझ्या मालकांचा बँड होता, लग्नाचा. वाशी, भूम, कळंब, तिकडं येरमाळ्यापर्यंत परण्या निघाला की पुढं आमचा बँड. नवरदेव घोड्यावर बसून मारुतीच्या पाया पडायला जातो, त्या मिरवणुकीला आम्ही परण्या म्हणतो. मालक ट्रंपेट वाजवायचे. लग्नसराईच्या आधी नव्या गाण्यांची तालीम आमच्या अंगणात, लिंबाखाली व्हायची. टेपवर गाणं लावायचं, थांबवायचं, मागं घ्यायचं, परत लावायचं, आणि एकेकानं आपापला भाग उचलायचा. मी आत चुलीपुढं. दूध बेताचंच, म्हणून संध्याकाळचा चहा एकदाच. मग तो टाकायचा कधी? चाल बसली की. हे कुणी ठरवून दिलं नव्हतं. मी आपली आतनं ऐकायची, आणि गाणं कानाला नीट लागलं की हात आपसूक भांड्याकडं जायचा. मालकांनी हे कधी हेरलं कुणास ठाऊक. पुढं पुढं तालीम झाली की ते ट्रंपेट काखेत धरून स्वयंपाकघराच्या दाराशी यायचे. विचारायचे काही नाहीत, नुसतं चुलीकडं बघायचे. आधण दिसलं तर गाणं पास. नाही दिसलं तर तसेच मागं फिरायचे. "हाणा रे आणखी एकदा."

मोठा भोंगा वाजवणारा गडी कळवळायचा. "वैनी, निदान अर्धा कप तरी द्या की!"

"तुजा भोंगा मागं राहतुय. आधी त्याला पुढं आण, मग कप मागं लागंल तुज्या."

हसायचे सगळे. पण परत वाजवायचे.

माझी शाळा म्हणाल तर चौथीपुरती. वाचायला लिहायला लागले ते पुढं, लेकीच्या पुस्तकांतनं आणि किराण्याच्या पुड्यांच्या कागदांवरनं. गाणं तर कुणीच शिकवलं नाही. सा कुठं असतो आणि रे कुठं, हे मला आजही बोट ठेवून दाखवता येणार नाही. चुकलं की पोटात खडा लागल्यासारखं होतं, एवढंच मला कळतं.

लेक तेव्हा त्याच उंबऱ्यावर बसून अभ्यास करायची. सगळं बघत होती. पुढं तिनं कीबोर्ड घेतला, पुण्याला गेली, शिकली, कामाला लागली. पण नवीन काही केलं की आधी मला फोन. फोनवर वाजवून दाखवायची आणि विचारायची, "आये, चहा?"

मी म्हणायची, "टाकते." नाहीतर, "थांब जरा."

बाप गेला तिचा, बँड मोडला, वाजी विकली, चूल जाऊन गॅस आला. पण चहाची रीत नाही मोडली. तिनं केलेलं वाजप पहिल्यांदा ऐकायचा मान माझा. मी कुणाला तसं सांगत नव्हते, पण माझ्या मनात ते पक्कं होतं.

आणि मग विहीणबाई आल्या.

माणूस वाईट नाही, हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं मी जे लिहिणार आहे त्यावरनं तुम्हाला तसं वाटेल. लातूरच्या. गाण्याच्या परीक्षा दिलेल्या. शाळेत पोरींना गाणं शिकवून रिटायर झाल्या, आणि आता लेकाकडं, म्हणजे माझ्या लेकीच्या घरात, पुण्याला असतात. नेटक्या, चापूनचोपून नेसलेल्या, बोलणं असं की प्रत्येक शब्द धुऊन वाळवून घडी केलेला. लेक त्यांना आई म्हणते. सासूला म्हणायचंच असतं. मला आये म्हणते. त्याचं मला काही नाही.

पण लग्न झाल्यापासून फोनवर "आई म्हणाल्या" फार यायला लागलं. आई म्हणाल्या इथं यमन घेऊन बघ. आई म्हणाल्या लय जरा कमी कर. मला यमन कुठल्या गावचा हेही ठाऊक नाही. मी नुसतं "बरं" म्हणायची, आणि फोन ठेवला की उगाच भांडी घासायला घ्यायची, घासलेलीच.

दिवाळीनंतर दोघी वाशीला आल्या, दोन दिवस राहायला. जावयांना कामामुळं येणं जमलं नाही. विहीण पहिल्यांदाच मुक्कामाला येणार म्हणून मी भूमहून खवा मागवला, गुलाबजाम केले, येळवणीची आमटी केली, पुरण घातलं. आता मी लेकीची आई. लेकीच्या आईनं विहिणीपुढं कसं वागायचं असतं ते मला कुणी शिकवायला नको. वाढायचं, आग्रह करायचा, आणि काही बोचलं तर गिळायचं.

जेवताना लेक म्हणाली, "आये, एक काम हाय तुज्याकडं. हिरोची मुख्य चाल पक्की करायची हाय. पाचला डायरेक्टरचा फोन येणार. त्याच्या आत तू ऐक."

मला असा आनंद झाला. म्हटलं, बघा. एवढा मोठा सिनेमा, परदेशात माणसं वाजवायला बसलेली, आणि अडलंय कुठं, तर वाशीत, माझ्यापाशी. मी विहीणबाईंच्या पानात आणखी एक गुलाबजाम टाकला.

"अहो पुरे, पुरे," त्या म्हणाल्या. "आणि ती चाल फार गोड झालीये हं, विहीणबाई. मी तर महिनाभर ऐकतेय. झोपेतसुद्धा गुणगुणते."

महिनाभर.

लेकीनं पटकन पाणी प्यायलं. मग म्हणाली, "आई घरातच असतात ना आये. खोलीतनं कानावर पडतंच."

"पडणारच की," मी म्हटलं. "भिंती पातळ असतात फ्लॅटच्या."

तुम्हाला सांगते, त्यानंतर आमटी काय चवीची झाली होती मला आठवत नाही. महिनाभर ही बाई ऐकतेय. मी इकडं फोटो दुधवाल्याला दाखवत फिरतेय, आणि चाल तिच्या झोपेत पोचली.

जेवणं झाली. बाहेरच्या खोलीत लेकीनं लॅपटॉप उघडला, दोन छोटे स्पीकर लावले. आम्ही दोघी दिवाणावर शेजारी बसलो. चित्रही होतं. घाटात एसटी निम्मी कड्याबाहेर लटकलेली, आत माणसं ओरडतायत, आणि हा मेकॅनिक खाली उतरून बसच्या पोटाला पाठ लावतो. अजून त्याला निळा पोशाख मिळालेला नाही, खाकीतच आहे. बळ आलंय हेही त्याला नीट ठाऊक नाही. तिथं ती चाल सुरू होते.

आता चाल कशी होती ते मी काय सांगणार? मी ऐकलंच नाही. मी विहीणबाईंचं बोट बघत होते. मांडीवर एका बोटानं ताल धरत होत्या त्या, आणि पुढं काय येणार ते त्यांच्या बोटाला आधी ठाऊक. वर चढायच्या आधी बोट वर. थांबायच्या आधी बोट थांबलेलं. एका ठिकाणी तर डोळे मिटून मान हलवली, आणि त्याच्यानंतर ती चांगली जागा आली. म्हणजे मला चांगली जागा कळायची ती पण त्यांच्या मानेवरनं.

एक मात्र माझ्या कानानं टिपलं. सगळी व्हायोलिनं होती.

संपल्यावर मी विचारलं, "इथं पितळ न्हाय का? एवढं मोठं माणूस बस उचलतंय, आन् ट्रंपेट न्हाय?"

लेक म्हणाली, "होतं आये. आधी ट्रंपेटवरच केलं होतं. सगळं रेकॉर्ड झालंय तसं. मग आई म्हणाल्या, एकदा व्हायोलिनवर घेऊन बघ. तर मग मी दोन्ही केलं."

"मी आपलं सहज म्हटलं हो," विहीणबाई म्हणाल्या. "लग्नाच्या वरातीसारखं वाटत होतं मला जरा. म्हणून."

लग्नाच्या वरातीसारखं! ज्या घरात बसून बोलताय ते घरच वरातीनं बांधलंय बाई! असं मी म्हटलं नाही. मी म्हटलं, "आणखी दोन गुलाबजाम घ्या की."

आतनं मात्र भाजत होते. पोरीनं आधी बापाचं वाजं घेतलं होतं. कुणी न सांगता, तिच्या आतनं ट्रंपेटच आलं होतं. आणि ह्या बाईनं एका वाक्यात ते काढून तिथं व्हायोलिन बसवलं. मला मालकांचे फुगलेले गाल दिसायला लागले, तालमीत लालबुंद व्हायचे ते.

"कसं वाटलं, आये?" लेकीनं विचारलं. चहा? असं विचारलं नाही, विहीणबाई बसल्या होत्या म्हणून असेल. पण डोळ्यांत तेच होतं.

"बरं हाय," मी म्हटलं.

आमच्या घरात बरं हाय म्हणजे काय, हे तिला चांगलं ठाऊक. नाकारायच्या स्थळाला आम्ही बरं हाय म्हणतो. तिचं तोंड उतरलं. तेवढ्यात फोनची रेंज जायला यायला लागली, तर ती फोन घेऊन वर स्लॅबवर गेली. मीही उठले. विहीणबाईंना म्हटलं, "तुमी जरा आडव्या व्हा," आणि मागच्या अंगणात कपडे काढायला गेले. कपडे वाळायला अजून तासभर तरी हवा होता.

दोरीपाशी उभी राहून मी स्वतःशी भांडत होते. खरंच नाही आवडलं मला? का ती बाई शेजारी होती म्हणून नाही आवडलं? चाल आठवून बघायला गेले तर चाल येईचना, नुसतं ते बोट यायचं. जन्मभर माझा कान हेच माझं धन. मालक गेले, पण कान होता. आणि आज पहिल्यांदा माझा मलाच भरवसा नव्हता. आता पाच वाजता पोरगी विचारणार, तेव्हा मी नाही म्हटलं तर ती काढून टाकेल ते व्हायोलिन, एवढं मला ठाऊक होतं. तिनं माझं कधी मोडलं नाही. आणि माझं नाही जर नुसतं जळण्याचं असेल, तर तिचं एवढं मोठं काम माझ्या जळण्यानं बिघडणार. आणि हो म्हटलं तर? तर जिंकली विहीण. मग पुढच्या वेळी मला विचारायचंच कशाला?

असं सगळं डोक्यात चालू असताना मला वास आला. आल्याचा. उकळत्या चहाचा. माझ्या स्वयंपाकघरातनं.

हातात ओलसर कपडे घेऊन मी आत पळाले. बघते तर विहीणबाई गॅसपुढं. माझं भांडं, माझी सांडशी.

"म्हटलं, सकाळपासून राबताय तुम्ही," त्या म्हणाल्या. "एक दिवस मी करते. आलं सापडलं, साखरेचा डबाही सापडला. तुमचं स्वयंपाकघर छान लावलेलं आहे हो."

मी काही बोलायच्या आत जिन्यावर धाडधाड पावलं वाजली. लेक धावत आली ती थेट दारात.

"आये! वर वास आला चहाचा! डायरेक्टरचा फोन आधीच आला, सांगून टाकलं मी त्यांना, व्हायोलिनचंच ठेवायचं. लई भ्याले होते गं, तू बरं हाय म्हणलीस तवा…"

आणि ती थांबली. तिला दिसलं, मी कपडे धरून उभी आहे, आणि सांडशी तिच्या सासूच्या हातात आहे.

 तेवढ्यात चहा वर यायला लागला. विहीणबाईंनी गॅस बारीक केला आणि आमच्याकडं आळीपाळीनं बघितलं.

"काय झालं? दूध तापवलेलं नव्हतं का हे? काही चुकलं का माझं?"

"न्हाय न्हाय, आई," लेक घाईनं म्हणाली. "काहीच नाही. छान केलात."

आणि तेव्हा मला ते कळलं. ह्या बाईला ठाऊक नव्हतं! चहाचं तिला काहीच ठाऊक नव्हतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, एका घरात राहतात, यमन म्हणू नका, लय म्हणू नका, सगळं एकमेकींना सांगतात. पण चहाचं पोरीनं सासूला सांगितलं नव्हतं. ते तिनं आमच्यासाठी राखून ठेवलं होतं. बापासाठी आणि माझ्यासाठी.

काय सांगू तुम्हाला. दुपारपासून छातीवर पाटा ठेवल्यासारखं झालं होतं, ते एकदम उतरलं. चाल महिनाभर ऐकली ना? ऐका. खुशाल ऐका. झोपेतसुद्धा म्हणा.

मी कपडे खुंटीवर टाकले आणि लेकीला म्हटलं, "फोन लाव डायरेक्टरला. म्हणावं थांबा थोडं. आणि बाहेर जाऊन दोन्ही वाजीव. आधी ट्रंपेटचं, मग ह्यांचं. चित्र नको मला. म्या हितंच उभी राहती."

"हितं?" लेक म्हणाली, आणि मग तिला समजलं. दिवाणावर बसून, दुसऱ्याच्या मांडीकडं बघत मी आयुष्यात कधी ऐकलं नव्हतं. माझी जागा आत होती. भिंतीच्या अलीकडं.

विहीणबाईंनी कप भरले, माझ्या कपावर बशी झाकली आणि आपला कप घेऊन लेकीमागं बाहेर गेल्या. मी ओट्यापाशी एकटी.

आधी ट्रंपेट आलं. अगं आई! आतनं ऐकलं तर लिंबाखालीच कुणी वाजवतंय असं. पदर डोळ्याला लावला मी. मालकच उभे राहिले पुढं. किती चांगलं वाजवलं होतं त्या परदेशातल्या माणसानं, भोंगेही मागं राहत नव्हते कुठं. माझं पोट भरलं ऐकून. पण हात हलला नाही. मी हाताकडं बघत होते, तो ओट्यावर होता तसाच राहिला.

मग व्हायोलिन आलं. आणि ह्या खेपेला बोट नव्हतं, मान नव्हती, नुसतं ऐकणं होतं. तेव्हा मला फरक कळला. ट्रंपेट वाजलं की नवरदेव घोड्यावर बसला असं समजायचं. आता काय, लग्न लागणारच, काळजी कशाला. पण तो गडी तर बसच्या खाली अजून खाकीत उभा आहे. त्याचं त्याला माहीत नाही बस राहणार का जाणार. ते व्हायोलिन तसंच होतं. त्यालाही माहीत नव्हतं. खालून हळूहळू चढत होतं, एकदा मागं आलं, परत चढलं, आणि वरच्या एका जागी असं धरून राहिलं की मीही श्वास धरला. बस माझ्याच पाठीवर आहे असं वाटलं.

जीव जळला माझा. खोटं कशाला बोलू? त्या बाईनं बरोबर सांगितलं होतं. वरातीसारखंच होत होतं ते. माझ्या मालकांनीही हेच म्हटलं असतं, आणि तेही मला तेव्हा आवडलं नसतं. मनातनं मी म्हणत होते, चूक निघू दे, एखादी तरी चूक निघू दे. पण खडा कुठं लागेना. आणि हात गेला. मला न विचारता गेला. फडताळातनं दुसरं भांडं काढलं, पाणी घातलं, आणि लायटर टकटक वाजवला.

बाहेरचं वाजणं तिथंच थांबलं. लेक दाराशी आली. तिनं माझ्या तोंडाकडं बघितलंच नाही, गॅसकडं बघितलं. जाळ बघितला. आणि उंबऱ्यावर बसली, पाय जवळ घेऊन, लहानपणी बसायची तशी.

तिच्या मागनं विहीणबाई आल्या. "अहो, हे काय? केलेला आहे की चहा! तुमचा कप तर तसाच आहे झाकलेला, गार झाला असेल."

"असू द्या," मी म्हटलं. "मला माझ्या हातचा लागतो."

"साखर कमी पडली का?"

"जरा जास्तच पडली."

"न पिताच कळलं?"

"वासावरनं कळतं मला."

लेकीनं गुडघ्यात तोंड घातलं. खांदे हलत होते तिचे. विहीणबाईंचा चेहरा मात्र पडला, आणि मला त्याचं वाईट वाटलं. थोडं. मी त्यांना पाट दिला बसायला, म्हटलं, "पण व्हायोलिन लई चांगलं सुचवलंत तुमी. ते खरं." हे म्हणताना मला काय लागलं ते माझं मला ठाऊक. त्या लाजल्यासारख्या हसल्या. माझ्या हातचा चहा त्यांनी सगळा प्यायला, त्यांचा गार झालेला मी प्यायले. साखर खरंच जास्त होती. पाच वाजता लेकीनं डायरेक्टरला सांगितलं, पक्कं.

जाताना गाडीपाशी लेक माझ्या कानात म्हणाली, "आये, त्यांना वाटतंय तू त्यांच्या चहाला नावं ठेवलीस. सांगू का काय होतं ते?"

"खबरदार," मी म्हटलं.

आता विहीणबाई लातूरच्या सगळ्या नात्यागोत्यात सांगतात म्हणे, की वाशीच्या विहीणबाई मनानं चांगल्या, पण दुसऱ्याच्या हातचा चहा चालत नाही त्यांना, फार हेका आहे. सांगू देत. असं नाव असलेलं बरंच माझं. हे छापून आलं की त्यांना सगळं कळेल, तेव्हाचं तेव्हा बघू.

सिनेमा मी बार्शीला बघितला. बस उचलताना पोरांनी इतक्या शिट्ट्या मारल्या की व्हायोलिन कुणालाच ऐकू आलं नाही. मला आलं. घरी आल्यावर विहीणबाईंचा फोन. "ऐकलंत ना आपलं व्हायोलिन?" आपलं म्हणे. मी म्हटलं, "ऐकलं. बरं हाय."

परवा लेकीचा फोन आला, नवीन काम मिळालंय, चाल केलीय. मी विचारू नये ते विचारलंच. "आधी कुणी ऐकली का गं?"

ती थोडी थांबली. "कुणी न्हाय, आये. तूच पहिली."

खरं बोलली का माझं मन राखलं, देव जाणे. फ्लॅटच्या भिंती पातळच असतात. पण मी पुढं विचारलं नाही. फोन मोठ्या आवाजावर टाकून ओट्यावर ठेवला, लायटर हातात घेतला आणि म्हटलं, "वाजीव."